बिलाचा पारवा

हाइडवायलर, रेल्वेफाटकाजवळ
१९ ऑगस्ट १९९६

मथेस,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता टपालातल्या लीनाकडून लिहून घेतला. ती म्हणाली, "आल्विनकाका, तुमच्या अंगणातून हाक मारलीत तरी मथेसकाकांना ऐकू जाईल की!" मी म्हटलं, "ऐकू जातं गं. ऐकत नाही." तर आता उघडलंच आहेस, वाचून टाक.

गंमत बघ. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझं धुराडं दिसतं. सकाळी त्यातून धूर निघाला की मला कळतं, मथेस उठला. तरी हे पत्र आधी ट्रियरला जाणार, तिथे शिक्का खाणार, आणि परवा उलट्या पावली टेकडी चढून तुझ्याकडे येणार. एका बाकावर बसून एकाच पाटीवर थुंकलेली दोन पोरं म्हातारपणी अशी बोलणार.

कारण सांगतो. परवा सहकारी भांडारात रायनर भेटला. तुझा मुलगा असला तरी माझा भाचा आहे, आणि माझ्याशी बोलायचं त्यानं सोडलेलं नाही. खताची पोती खांद्यावर टाकता टाकता म्हणाला, "मामा, पुढच्या वसंतात पारव्यांच्या शेतात गवत पेरतोय. उतार फार, ओट काही धड येत नाही. गुरांना कायमचं कुरण होईल."

"आणि नांगर?" मी विचारलं.

"कुरणाला नांगर कशाला, मामा?"

तो गेला. मी मिठाची पिशवी हातात धरून तसाच उभा. दुकानदारीण म्हणाली, "पैसे द्यायचेत की नुसतंच बघायचंय?"

तुला वेगळं सांगायला नको, पण लेखणी धरली की हात थांबत नाही. नांगर थांबला म्हणजे माती थांबली. माती थांबली म्हणजे खालचं वर येणं थांबलं. चाळीस कोटी वर्षं आपल्या त्या उतारावर जो समुद्र निजलाय, तो दर शरदात एक कूस बदलायचा आणि आपल्या पायाशी मूठभर दगड झालेले शिंपले टाकायचा. त्यावर आता गवताची गोधडी पडणार. पुस्तकात या शिंपल्यांना बाहुपाद म्हणतात, कारण आतल्या जिवाला पाय नव्हते, नुसते हात होते, त्या हातांनीच तो जेवायचा आणि श्वास घ्यायचा. आपल्या गावानं पुस्तक उघडायच्या आधीच त्यांना पारवे म्हणून टाकलं. मधे उभार, दोन्हीकडे पसरलेले पंख. बरोबरच आहे की. ढेकळावर बसलेला पारवा.

केसेनिशबाईंची कविता आठवते? फळ्यावर त्यांनी स्वतः लिहिली होती, कुठल्या पुस्तकात नव्हती:

नांगर चाले, माती हाले,
सागर जुना वरती आला;
कोण तिथे रे, कोण तिथे?
वाकून बघ, मग कळेल तुला.

तुला चौथी ओळ कधीच आठवली नाही. उभा राहिलास आणि छातीठोकपणे म्हणालास, "भूक लागली, घरी चला." बाईंनी तुला शेगडीजवळ उभं केलं. एकाच खोलीत सगळे वर्ग, त्यामुळे धाकट्यांच्या बाकावरून माझी बहीण बिला हसली. मला वाटतं, तुझं लग्न तिथेच ठरलं.

मागणं एकच आहे. यंदा रायनर शेवटचं नांगरेल, त्यावर एक-दोन पाऊस पडतील, ढेकळं धुवून निघतील. मग मला एक दिवस त्या शेतात जाऊ दे. रीत मी मोडणार नाही. आधी तुझ्या दारी येऊन विचारीन, आणि दिवसाचा पहिला दगड तुझ्या खिडकीत ठेवीन, जसा आजवर प्रत्येक वेचणाऱ्यानं ठेवला.

शेताच्या कडेला तू लावलेला तो फलक मी वाचलाय. "दगड वेचणाऱ्यांना मज्जाव." गावात दगड वेचणारा मी एकटाच उरलोय, मथेस. नुसतं "आल्विन" लिहिलं असतंस तर रंग वाचला असता.

तुझा,
आल्विन


हाइडवायलर
९ सप्टेंबर

मथेस,

तुझं उत्तर मिळालं. बेकरीच्या रांगेत गिझलानं सगळ्यांसमोर दिलं. तुझी सून निरोप्या म्हणून फार प्रामाणिक आहे, शब्दही गाळत नाही आणि आवाजही. "मामा, पप्पा म्हणाले, त्याला सांग, शेत माझं आहे, आणि टपालाची तिकिटं चाटून पोट भरत नाही."

बेकरीणबाई फिस्सकन हसल्या. मी म्हटलं, "त्याला सांग, तिकिटाचा गोंद आता पूर्वीसारखा राहिला नाही, नाहीतर भरलंही असतं."

घरी आलो आणि आलुबुखाराचा केक केला. बिलाच्या पद्धतीनं, वर साखरेचा चुरा जास्त. जमला नाही. पीठ ओलं राहिलं. तिच्या हातात काय होतं कुणास ठाऊक, ती मोजत नसे काही. मी मोजून करतो आणि चुकतो. अर्धा केक फाटकाशेजारच्या कोंबड्यांना घातला.

लिहायचं होतं ते हे नव्हे. तुला म्हणायचं होतं की तू नाही म्हणालास, मी ऐकलं, संपलं. म्हातारपणी माणसानं मागणी लहान करत न्यावी. शेत नको. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघीन.

पण संपलं नाही बघ. रात्री कूस बदलली की वाटतं, मातीनं बदलली.

आल्विन


हाइडवायलर
६ ऑक्टोबर

मथेस,

आज पाऊस. बाहेर जाता येईना, म्हणून माळ्यावरची जुनी खोकी खाली काढली. वेचून आणलेले आणि कधी न धुतलेले पारवे, वर्षानुवर्षांचे. मी रेल्वेत असताना दोन गाड्यांच्या मधल्या वेळात सिग्नलच्या खोलीत बसून साफ करायचो, ते तुला माहीत आहे. तू म्हणायचास, "सरकार तुला दगड घासायचा पगार देतं."

आता खिडकीशी बसून करतो. आधी नुसत्या पाण्यात भिजत घालायचं, मग जुना दातांचा ब्रश. पंखांच्या खाचांत जी चिकण माती गच्च बसलेली असते, ती ग्रामोफोनच्या सुईनं काढायची. सुई लाकडाच्या मुठीत बसवलीय. खरवडायचं नाही, नुसतं टोचत, विनवत जायचं. तरीही जी माती हलत नाही तिच्यावर दाहक पोटॅशची पापडी ठेवायची, हातमोजे घालून. ती हवेतला ओलावा पिते, पाझरते, आणि माती आपली आपण सैल सोडते. मग धुणं. रोज पाणी बदलत धुवत राहायचं, आठवडा, दोन आठवडे. हे धुणं कंटाळून अर्धवट सोडलं तर महिन्याभरात दगडावर पांढरी बुरशी चढल्यासारखं होतं आणि कवच पापुद्र्यांनी उतरतं. या धंद्यात हात चालवण्यापेक्षा हात आवरणं जास्त.

आज एक पारवा असा निघाला की त्याच्या पाठीवर इवलीशी नळी होती, केसाएवढी. मी तिला माती समजून सुई लावणार, तेवढ्यात थांबलो. तो एक दुसराच जीव होता. पारव्याच्या पाठीवर बिऱ्हाड करून राहिलेला. तेव्हा मला बिला आठवली. ती असं काही दिसलं की म्हणायची, "राहू दे रे दादा, भाडेकरू आहे."

बिला आठवली, आणि आता जे तीन वर्षं तोंडातून निघालं नाही ते लिहितो.

तिचा तो शेवटचा दिवस शेतातला. भुरभुर पाऊस. दिवसभर दोघांना एक तुकडा मिळाला नाही. ती म्हणाली, "दादा, चल आता, मथेस वाट बघत असेल." मी म्हटलं, "अजून एक तास बघू." आणि अंधारून येताना तिच्याच पायाशी तो निघाला. दोन्ही पंख टोकापर्यंत शाबूत, अंगभर मातीचा लगदा. दिवसाचा पहिला आणि शेवटचा. तिनं तो रुमालात धरून तुझ्या खिडकीत नेऊन ठेवला. आठवड्यात खोकला, मग ताप, मग इस्पितळ. मी म्हटलं होतं, "दे, तिच्यासाठी साफ करून देतो, नाताळपर्यंत होईल." तू म्हणालास, "खिडकीतला दगड माझा." नाताळ तिनं पाहिलाच नाही.

दफन झाल्यावर तू मला कॉफीला आत बोलावलं नाहीस. वसंतात फलक लागला. तेव्हापासून मी असं धरून चाललोय की तो एक तास तू माझ्या नावावर मांडला आहेस. मी कधी विचारलं नाही. तू "हो" म्हणाला असतास तर मी काय केलं असतं? रेल्वेफाटकाजवळ राहणाऱ्या माणसाला असले विचार बरे नव्हेत.

तर शेत राहू दे. एवढंच सांग, बिलाचा पारवा खिडकीत आहे ना? तिथल्या मातीसकट आहे ना? असला तर बरं. मला साफ करायचा नाहीये. आहे, एवढं कळलं तरी पुरे.

आल्विन


हाइडवायलर
२१ ऑक्टोबर

मथेस,

काल गिझला आली होती. सफरचंदांची बादली घेऊन आली, आणि तुझ्या वाढदिवसाचं उरलेलं बटाट्याचं सॅलड. (ऐंशी झालास. अभिनंदन. मला अजून चार महिने आहेत, तोवर तू म्हातारा आणि मी नाही.) तू तिला पाठवलं नव्हतंस हे मला ठाऊक आहे, ती आपण होऊन आली. तिच्यावर रागावू नकोस.

मी सॅलडचा एक घास खाल्ला आणि म्हटलं, "गिझला, हे काय गं? लिंबू?"

"आमच्याकडे लिंबूच असतं, मामा. व्हिनेगर घरात आणायचं नाही, पप्पांचा हुकूम."

"पोटाला सोसत नाही?"

"पोट कसलं घेऊन बसलात! आंबवलेला कोबी, रक्ताचा सॉसेज, सगळं सोसतं. मी एकदा काकड्या मुरवायला बाटली आणली तर उचलून शेणखतात ओतून आले. आणि आमच्या किटलीत चुना हा एवढा साठलाय. कॉफी पितोय की घराची भिंत पितोय कळत नाही. पण काढायची सोय नाही!"

"कधीपासून हे?"

"सासूबाई गेल्या त्या हिवाळ्यापासून. रायनर म्हणतो, दुःखाचं काहीतरी असेल, विचारू नकोस."

मी काटा खाली ठेवला. मग विचारलं, "खिडकीतले दगड आहेत ना गं?"

"आहेत की, धूळ मीच पुसते. मधे एक जागा तेवढी रिकामी आहे. मी एकदा शेजारचा सरकवून तिथे ठेवला, तर म्हणाले, 'उचल तो. ती जागा धरलेली आहे.'"

ती गेली. खालून संध्याकाळची गाडी गेली तेव्हा भानावर आलो.

मथ्या, आता मी तुला काही विचारणार नाही. फक्त एक गोष्ट सांगतो, ऐकून सोडून दे. ट्रियरच्या आमच्या दगड वेचणाऱ्यांच्या मंडळात एक औषधवाले आहेत. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांना वाटलं, माल जरा चकचकीत करावा. किटलीचा चुना काढायचं पाणी घेतलं आणि सगळी पेटी त्यात बुडवून झोपले. सकाळी फेस आणि चार खडे. रसायनं विकणारा माणूस, पण त्या क्षणी तो औषधवाला नव्हता, घाई झालेला माणूस होता. आम्ही त्याला हसलो, बिअर पाजली आणि पुढच्या वर्षी पुन्हा खजिनदार केलं. आमच्यात म्हणतात, ज्यानं एकही विरघळवला नाही त्यानं अजून वेचायला सुरुवातच केलेली नाही.

त्यात अडाणीपणा काही नाही. किटलीतला चुना व्हिनेगरनं जातो, मग दगडावरची पुटंही जातील, कुणालाही वाटेल. अडचण एवढीच की पारवा स्वतःच चुन्याचा. त्याचं अंग कुठलं आणि मळ कुठला हे व्हिनेगरला कळत नाही.

आणि ज्याला नाताळपर्यंत थांबता येत नव्हतं, त्यानं काय करायचं? मी "नाताळपर्यंत" म्हणालो तेव्हा तुझ्या तोंडाकडे मी पाहिलं नव्हतं. तुला डॉक्टरांनी काही सांगितलं होतं बहुतेक. मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या घरात काही उरलं असेल, कसंही, खड्याएवढं, तर मला बघायचंय. दुरुस्त करायला नाही. तिनं रुमालात धरलं होतं म्हणून.

मी तीन वर्षं समजत होतो की तू एका तासासाठी माझ्यावर रागावलायस. आता वाटतंय, तू तीन वर्षं समजत होतास की मी एका दगडासाठी तुझ्यावर रागावीन. आपण दोघं किती मोठे गाढव, हे केसेनिशबाईंनी तिसरीतच ओळखलं होतं.

आल्विन


हाइडवायलर
२ नोव्हेंबर

मथेस,

काल सर्व संतांच्या सणाला दफनभूमीत तू थडग्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला, मधे बिला आणि तिच्या लाल काचेच्या मेणबत्त्या. पाद्री पाणी शिंपडत पुढे गेले तरी तू मान वर केली नाहीस. मी तुझे बूट बघत होतो. एका बुटाची नाडी सुटली होती. सांगावं असं फार वाटलं.

मग गिझलानं माझ्या कोटाच्या खिशात गोळ्यांचा पत्र्याचा डबा सारला आणि कानाशी म्हणाली, "पप्पांनी दिलाय. आणि एवढंच सांगायला सांगितलंय. इस्पितळात सासूबाईंनी विचारलं होतं, 'माझा पारवा कुठाय?' तेव्हा पप्पा म्हणाले, 'आल्विनकडे आहे.' बस्स. पुढे विचारू नका मामा, त्यांनी एवढंच पाठ करून घेतलंय माझ्याकडून."

मी घरी येईपर्यंत डबा उघडला नाही. कोटही काढला नाही. खिडकीशी बसलो, दिवा लावला, भिंग घेतलं.

तुला खोटं सांगणार नाही, कारण खोटं तुला कळतं. पारवा गेलाय. डावा पंख मुळीच नाही, उजव्याचा बुडखा आहे. पाठ खडबडीत झालीय, साबणाची वडी पाण्यात राहिल्यावर होते तशी. कुणाला दाखवला तर हा पारवा होता हे ओळखणार नाही. डब्यात तू कापूस घातला होतास. तो कापूस बघून मला जे झालं ते लिहीत नाही.

पण मी त्याला ब्रशनं नुसतं झाडलं, सवयीनं. आणि जिथे कवच पार खाल्लं गेलंय, तिथे आतल्या मातीत काहीतरी चमकलं. भिंग जवळ नेलं. घड्याळाच्या स्प्रिंगसारखं, वेटोळ्यावर वेटोळं, केसाहून बारीक. अर्धंच उरलंय. ते त्याच्या हातांचं हाड, मथेस. ज्या हातांनी तो जीव समुद्रातलं पाणी स्वतःकडे ओढायचा, ते हात ज्याच्यावर टेकलेले असत ती गुंडाळी. कधी काळी गारगोटीनं त्या चुन्याची जागा घेतली असावी, म्हणून व्हिनेगरला ती खाता आली नाही. मी आयुष्यभर पारवे साफ केले, पंखांच्या रेघा मोजल्या, पण आतले हात माझ्या एकाही पारव्यात दिसले नाहीत. शाबूत पारव्यात ते दिसतच नाहीत.

झालं ते चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. बिलाला पंख हवे होते. तिला ते शाबूत मिळायला हवे होते, गादीवर, हातात. ते राहिलं ते राहिलं.

पण दुसऱ्या गोष्टीबद्दल माझं ऐक. तू तिला म्हणालास, पारवा आल्विनकडे आहे. आता आहे. इथे, माझ्या खिडकीत, मेणबत्तीशेजारी. तू तिच्याशी खोटं बोलला नाहीस, मथ्या. जरा लवकर बोललास, इतकंच. आणि ती आपला पारवा भावाकडे सुखरूप आहे असं समजून गेली. त्यात वाईट काय होतं? ती मला ओळखत होती. "दादा धूत बसला असेल," असंच म्हणाली असेल.

म्हणाली का रे? कधीतरी सांग.

डबा परत पाठवत नाही. खिडकीतली जागा तशीच धरून ठेव. मी स्वतः आणून ठेवीन, रीतीप्रमाणे, शेताच्या वाटेनं आलो तर. नाहीतर रस्त्याच्या वाटेनं.

बुटाची नाडी बांध. पडशील.

आल्विन


हाइडवायलर
१० नोव्हेंबर, सकाळ

मथेस,

हे पत्र टपालात नाही टाकत, लीनाच्या हातात देतो. ती सायकलवरून वर येतेच आहे. ट्रियरला हेलपाटा कशाला.

काल फाटक बंद होतं, मालगाडी येत होती, आणि पलीकडून गिझला मोटारीची काच खाली करून ओरडली, "मामा! पप्पांचा निरोप!" गाडीचा धडधडाट, मी कानाला हात लावून उभा. डब्यांच्या फटींतून तिचा एकेक शब्द येत होता. शेवटी गाडी गेली तेव्हा ती म्हणाली, "ऐकलंत का? ते म्हणाले, 'भूक लागली, घरी चला.' म्हणजे काय हो? आम्हाला कुणालाच कळलं नाही. आणि ते सकाळपासून तो फलक कुऱ्हाडीनं फोडतायत, जळणासाठी म्हणे. ओला आहे तो, पेटायचा नाही!"

मी म्हटलं, "पेटेल. तीन वर्षांचा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी हसत होतो की काय करत होतो, मला माहीत नाही. तिनं विचारलं, "मामा, पाणी आणू का?"

रायनरनं गुरुवारी नांगरलं, हे मला खिडकीतून दिसलं. तेव्हापासून दोनदा पाऊस झाला. आज उघडलंय. ढेकळं धुवून ठेवल्यासारखी असतील, जणू कुणी आपल्या आधी उठून भांडी घासून ठेवलीत. मी बादली, काठी आणि गुडघ्याखाली टाकायची पोतडी घेऊन निघतोय. चढ आहे, हळू येईन. धुराड्यातून धूर दिसतोय, म्हणजे तू उठला आहेस. आधी तुझ्या दारी. दाराशी मी रीतीप्रमाणे विचारीन, "शेतात जाऊ का?" आणि तू रीतीप्रमाणे "बघ बाबा, जातोस तर जा" असं म्हण. दुसरं काही बोलायची गरज नाही. मग जमलं तर कोट घालून चल माझ्याबरोबर. तू आयुष्यभर ते शेत नांगरलंस आणि एकदाही वाकून पाहिलं नाहीस. बिला नेहमी म्हणायची, "समुद्र नांगरणारा कोळी बघायचा असेल तर आमच्या घरी या, मासा कसा दिसतो ते त्याला माहीत नाही."

तिचा पारवा डब्यात आहे, कापसातच ठेवलाय. भिंगही घेतलंय. त्याचे हात तुला खिडकीशी दाखवतो. उजेड तिथेच चांगला पडतो.

आणि पुढच्या वर्षी गवत येईल तर येऊ दे. गुरांना चरू दे. केसेनिशबाईंची चौथी ओळ मी सत्तर वर्षं बरोबर म्हणत आलो. तुझी ओळ जास्त बरी होती असं आता वाटतं.

गिझलाला सांग, दुपारच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड कर म्हणावं. माझ्या फडताळातली व्हिनेगरची बाटली मी बादलीत टाकून आणतोय. आधी किटली धुवू, मग उरलेलं सॅलडमध्ये घालू. लिंबू मला सोसत नाही.

तुझा,
आल्विन